ॲथलोन टाउन फुटबॉल क्लब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे ॲथलोन नेमकं कुठे आहे?

आयर्लंडच्या नकाशावर मधोमध बोट ठेवा, ते ॲथलोनच्या आसपास पडेल. शॅनन ही आयर्लंडची सर्वात लांब नदी या गावातून वाहते. नदीच्या पूर्वेला लेन्स्टर प्रांत, पश्चिमेला कॉनॉट. गाव वेस्टमीथ काउंटीत मोडतं, पण नदीपलीकडचा भाग जुन्या हिशेबाने रॉसकॉमनचा. लोकसंख्या बावीस हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या मध्यम तालुक्याच्या गावाएवढी. आयर्लंडमध्ये मात्र एवढ्या वस्तीचं गाव चांगलं मोठं गणलं जातं.

जुन्या रेडिओच्या तबकडीवर लंडन, पॅरिस, रोमच्या रांगेत 'ॲथलोन' हे नाव छापलेलं असायचं. १९३०च्या दशकात आयरिश सरकारी नभोवाणीचं मोठं प्रक्षेपण केंद्र गावाजवळ उभं राहिलं, त्यामुळे. फुटबॉल माहीत नसलेल्या युरोपियन माणसालाही हे नाव ओळखीचं वाटायचं, ते यामुळेच.

हा आयर्लंडमधला सर्वात जुना फुटबॉल क्लब आहे का?

नाही. सध्याच्या लीग ऑफ आयर्लंडमधला सर्वात जुना, एवढंच म्हणता येईल. स्थापना १८८७ची. डब्लिनचा बोहेमियन्स १८९०चा, म्हणजे तीन वर्षांनी धाकटा. पण अख्ख्या बेटाचा विचार केला तर बेलफास्टचा क्लिफ्टनव्हिल १८७९चा आहे. तो उत्तर आयर्लंडच्या वेगळ्या लीगमध्ये खेळतो. चाहते हा शेवटचा तपशील सोयीस्करपणे गाळतात.

गावात फुटबॉल आलं कुठून? इंग्रज सैनिकांकडून ना?

बऱ्याच अंशी, हो. ॲथलोन हे छावणीचं गाव. शॅननवरचा पूल ज्याच्या ताब्यात, त्याच्या हाती पश्चिम आयर्लंडचा दरवाजा. म्हणून बाराव्या-तेराव्या शतकापासून इथे किल्ला आहे आणि १६९१च्या वेढ्यात याच पुलासाठी रक्त सांडलं. पुढे ब्रिटिश पलटणी कायमच्या मुक्कामी आल्या आणि छावणीसोबत चेंडूही आला. आयरिश राष्ट्रवादी या खेळाला 'छावणीचा खेळ' म्हणून हिणवायचे, त्याचं मूळ हे.

पण हा हिशेब सरळसोट लावणारे एक गोष्ट विसरतात. फेब्रुवारी १९२२मध्ये ब्रिटिशांनी ॲथलोनची छावणी आयरिश सैन्याच्या हवाली केली. व्हिक्टोरिया राणीचं नाव पुसून तिला सार्जंट कस्ट्यूमचं नाव दिलं गेलं. १६९१मध्ये शत्रूच्या डोळ्यांदेखत पूल तोडायला पुढे सरसावलेला तो शिपाई. आणि ॲथलोन टाउन राष्ट्रीय लीगमध्ये दाखल झाला तोही याच साली. ब्रिटिश शिपाई गेले त्या वर्षी खेळ मरायला हवा होता, तर तो उलट मोठा झाला. तो छावणीपुरता कधी नव्हताच. गावातल्या पोरांनी तो केव्हाच आपलासा करून टाकला होता.

गेलिक, म्हणजे आयर्लंडच्या देशी खेळांवर प्रेम करणाऱ्या देशात फुटबॉल क्लब चालवणं अवघड गेलं नाही का?

गेलंच. गेलिक ॲथलेटिक असोसिएशन, म्हणजे जीएए, ही तिथली सर्वात ताकदवान क्रीडासंस्था. तिच्या नियम २७नुसार 'परकीय खेळ' खेळणाऱ्या, किंवा नुसते पाहणाऱ्याही सभासदावर बंदी यायची. परकीय म्हणजे फुटबॉल, रग्बी, हॉकी, क्रिकेट. नियम किती कडक होता ते पाहा: १९३८ साली देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड डब्लिनला आयर्लंड विरुद्ध पोलंड हा फुटबॉल सामना पाहायला गेले. ते जीएएचे आश्रयदाते होते. संस्थेने त्यांना त्या पदावरून काढून टाकलं. हाइड हे रॉसकॉमनचे, म्हणजे ॲथलोनच्या शेजारच्याच काउंटीतले. राष्ट्राध्यक्षाची ही गत, तिथे गावातल्या होतकरू खेळाडूचं काय सांगावं. ही बंदी १९७१ साली उठली.

त्यामुळे छोट्या गावातल्या कुठल्याही आयरिश फुटबॉल क्लबचा इतिहास वाचताना एक लक्षात ठेवावं. डब्लिनबाहेर हे क्लब पहिल्या पसंतीचे नव्हते. गावातली निम्म्याहून अधिक चपळ पोरं जन्मतःच दुसऱ्या अंगणात खेळत होती.

लीगमध्ये जागा कशी मिळाली?

१९२१ साली देशाची फाळणी झाली तशी फुटबॉलचीही झाली. जुनी संघटना बेलफास्टची. तिच्याशी फारकत घेऊन डब्लिनकरांनी नवी संघटना (आजची एफएआय, म्हणजे फुटबॉल असोसिएशन ऑफ आयर्लंड) आणि नवी लीग काढली. पहिल्या हंगामात आठ क्लब, आठही डब्लिनचे. नाव 'लीग ऑफ आयर्लंड' आणि सगळे सामने एका शहरात! १९२२-२३मध्ये क्लबांची संख्या बारावर गेली आणि त्यात ॲथलोन टाउन आला. डब्लिनबाहेरचा हा पहिला क्लब. तो आला तेव्हा कुठे त्या लीगला देशाचं नाव शोभायला लागलं.

त्यातही वेळ यादवी युद्धाची. जून १९२२ ते मे १९२३ या काळात आयरिश माणसं आयरिश माणसांवरच गोळ्या झाडत होती आणि रेल्वेचे पूल उडवले जात होते. ॲथलोन हे तर सरकारी सैन्याचं पश्चिमेकडचं मुख्य ठाणं. अशा दिवसांत एक क्लब दर पंधरवड्याला आगगाडीने राजधानी गाठत होता. मला विचाराल तर या क्लबच्या इतिहासातली सर्वात धाडसी गोष्ट हीच. हिची आठवण कुणी फारशी काढत नाही, कारण हिच्यात इटलीचा बडा क्लब एसी मिलान नाही. त्या सामन्याबद्दल पुढे येईलच.

१९२४चा चषक म्हणजे नेमकं काय?

एफएआय चषक, देशातली मुख्य बाद फेरीची स्पर्धा. क्लबच्या इतिहासात पुरुष संघाने तो एकदाच जिंकला. १७ मार्च १९२४, म्हणजे सेंट पॅट्रिक दिनी, डब्लिनच्या डॅलिमाउंट पार्कवर अंतिम सामना झाला. समोर होता कॉर्कचा फोर्डसन्स, हेन्री फोर्डच्या ट्रॅक्टर कारखान्यातल्या कामगारांचा संघ. बावीस हजारांच्या आसपास गर्दी होती, म्हणजे आजच्या अख्ख्या ॲथलोनएवढी. डिनी हॅननने पहिल्या अर्ध्यात एक गोल केला आणि तोच पुरला. १-०.

खरी कमाल पुढे आहे. त्या संपूर्ण स्पर्धेत ॲथलोनने एकही गोल खाल्ला नाही. नव्या राष्ट्राची स्पर्धा जेमतेम तिसऱ्या वर्षात होती आणि डब्लिन-बेलफास्टबाहेर चषक पहिल्यांदा गेला तो इथे.

ऑलिंपिकमध्ये ॲथलोनचे खेळाडू होते, हे खरं आहे का?

अगदी खरं. १९२३ साली फिफाने नव्या आयरिश संघटनेला मान्यता दिली होती. पण ब्रिटनमधल्या चारही संघटना तिच्याशी खेळायला तयार नव्हत्या. मग आंतरराष्ट्रीय सामने खेळायचे कुणाशी? तोड निघाली १९२४च्या पॅरिस ऑलिंपिकची. तिथे हौशी खेळाडूच चालायचे. चषक जिंकलेला ॲथलोनचा संघ निवडकर्त्यांच्या समोरच होता. हॅनन कर्णधार झाला. त्याच्याबरोबर टॉमी मल्डून, जॉन जो डाइक्स आणि फ्रँक घेंट हे ॲथलोनचेच खेळाडू गेले.

२८ मे रोजी कोलोंब मैदानावर आयर्लंडने बल्गेरियाला १-० असं हरवलं. नव्या राज्याच्या संघाचा हा पहिला आंतरराष्ट्रीय सामना. पुढच्या सामन्यात नेदरलँड्सने जादा वेळेत २-१ असं बाद केलं. त्यातला आयर्लंडचा एकमेव गोल घेंटचा. शॅननकाठच्या एका गावाचा क्लब आणि देशाच्या पहिल्या संघाचा कर्णधार त्याचा, यापेक्षा मोठा मान या क्लबला नंतर कधीच मिळाला नाही. मिलानशी झालेल्या ० - ० बरोबरीतूनही नाही.

मग १९२८ ते १९६९ क्लब कुठे होता?

लीगबाहेर. पैसे पुरेनात. गर्दी आटली, प्रवासखर्च मात्र तसाच राहिला, आणि १९२७-२८चा हंगाम संपल्यावर क्लब लीगमधून बाहेर पडला. त्यानंतर एक्केचाळीस वर्षं स्थानिक आणि कनिष्ठ स्पर्धा. मैदान मात्र टिकलं. १९२९पासून सेंट मेल्स पार्क हे घर होतं आणि क्लब जिवंत राहिला तो मुख्यतः त्या मैदानामुळे. १९६९मध्ये लीगने दोन गावांना दार उघडलं, डोनेगलचा फिन हार्प्स आणि ॲथलोन.

गोलरक्षकाने क्रॉसबार मोडला ही दंतकथा आहे ना?

नाही, घडलेली गोष्ट आहे. १९७४च्या एफएआय चषकाची उपांत्य फेरी, डंडॉकचं ओरिएल पार्क, समोर पुन्हा फिन हार्प्स. ॲथलोनचा गोलरक्षक मिक ओब्रायन. त्याला आडव्या दांडीला लोंबकळायची खोड होती. तेव्हा दांड्या लाकडी असत. तो लोंबकळला आणि दांडी कडाडून मोडली. खेळ थांबला, नवी दांडी आणून बसवली, सामना पुन्हा सुरू झाला. आणि ओब्रायन त्या नव्या दांडीलाही लोंबकळला. तीही गेली. पंचांनी त्याला मैदानाबाहेर काढलं. हार्प्सने सामना ५-० असा जिंकला आणि पुढे चषकही नेला.

आयरिश फुटबॉलवर बोलायला बसलेल्या कुणालाही हा किस्सा सांगून पाहा, तो तुमच्या आधी शेवट सांगेल. पाच गोलांचा पराभव हसत हसत सांगितला जातो, हे त्या दांडीचे उपकार.

एसी मिलानचा सामना काय होता?

आता येतो तो प्रश्न ज्यासाठी बहुतेक जण हे पान उघडतात.

१९७४-७५मध्ये ॲथलोन लीगमध्ये बोहेमियन्सच्या पाठोपाठ दुसरा आला. प्रशिक्षक होते अँबी फोगार्टी, आयर्लंडकडून खेळलेले, इंग्लंडमध्ये संडरलंडकडून नाव कमावलेले. दुसरा क्रमांक म्हणजे युएफा चषकाचं, युरोपभरच्या क्लबांच्या स्पर्धेचं, तिकीट. क्लबची ही पहिलीच युरोपवारी. पहिल्या फेरीत नॉर्वेचा वालेरेंगा. घरी ३-१, तिकडे १-१, एकूण ४-२. लोक खूश झाले. पण खरी खळबळ उडाली ती दुसऱ्या फेरीच्या चिठ्ठ्यांनी. नाव निघालं मिलानचं.

मिलान म्हणजे १९६३ आणि १९६९चा युरोपियन चषक विजेता. पहिल्या फेरीत त्यांनी एव्हर्टनला बाद केलं होतं, तेही गुडिसन पार्कवरचा सामना ० - ० ठेवून. गोलमध्ये एन्रिको अल्बेर्तोसी, १९७०च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पेलेसमोर उभा राहिलेला इटलीचा गोलरक्षक. आणि इकडे ॲथलोनमध्ये दिवसभर नोकरी करून संध्याकाळी सराव करणारी माणसं.

२२ ऑक्टोबर १९७५, सेंट मेल्स पार्क. नऊ हजारांच्या आसपास लोक एका लहानशा मैदानाच्या कडेकडेने दाटीवाटीने उभे. इटालियन सावध खेळले. ॲथलोन घाबरला नाही, उलट अंगावर गेला आणि पहिल्या अर्ध्यात पेनल्टी मिळाली. चेंडू ठेवला जॉन मिनॉकने. समोर अल्बेर्तोसी. बारा यार्ड. मिनॉकने मारलेला चेंडू अल्बेर्तोसीने अडवला. त्यानंतर दोन्ही बाजूंना गोल झाला नाही. ० - ०.

पंधरा दिवसांनी, ५ नोव्हेंबरला, सान सिरोवर परतीचा सामना. तिथेही तासभर गोलफलक कोराच होता. मग व्हिन्चेंझीने कोंडी फोडली, बेनेत्तीने दोन गोल घातले आणि मिलान ३-० असा पुढे गेला. पुढच्या फेरीत त्यांनी स्पार्टाक मॉस्कोला हरवलं आणि उपांत्यपूर्व फेरीत बेल्जियमच्या ब्रुगेकडून बाद झाले.

ती पेनल्टी गोलमध्ये गेली असती तर ॲथलोनने मिलानला बाद केलं असतं का?

गणित मांडून पाहा. १-० आणि ०-३, एकूण १-३. तरी बादच. अर्थात एक गोल मागे असलेला मिलान सान सिरोवर वेगळा खेळला असता, ॲथलोनही अधिक बचावाने खेळला असता, वगैरे वगैरे. हा वाद ॲथलोनच्या पबमध्ये जवळजवळ पन्नास वर्षं चाललाय आणि चालू दे.

मिनॉकवर मात्र या प्रश्नाने अन्याय होतो. त्याच पेनल्टीमुळे तो सामना लक्षात राहिला असं माझं मत आहे. लहान क्लबने मोठ्याला शून्यावर रोखलं, असे निकाल युरोपच्या जुन्या पानांत ढिगाने सापडतील. जिंकता जिंकता राहिलेले थोडे.

जोव्हानी ट्रापाटोनी या गोष्टीत कुठे येतात?

१९७५-७६च्या त्या हंगामात मिलानचे प्रशिक्षक तेच होते, तेव्हा जेमतेम छत्तिशीचे. पुढे युव्हेंटस, इंटर, बायर्न आणि मग २००८ ते २०१३ आयर्लंडच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक. त्यांची नेमणूक झाली तेव्हा आयरिश वर्तमानपत्रांना अर्थातच सेंट मेल्स पार्क आठवलं.

आणखी एक गंमत. ॲथलोनचे पारंपरिक रंग निळा आणि काळा. मिलान शहरात हे रंग कुणाचे, ते एसी मिलानच्या कट्टर प्रतिस्पर्ध्याच्या, इंटरच्या चाहत्याला विचारा.

क्लबने लीग कधी जिंकली?

दोनदा, १९८०-८१ आणि १९८२-८३. आणि माझ्या मते मिलानपेक्षा या दोन हंगामांबद्दल जास्त बोललं गेलं पाहिजे. नव्वद मिनिटं एखादा दिवस साथ देतो. पूर्ण हंगाम साथ द्यायला संघ लागतो.

तो संघ बांधला टर्लो ओकॉनर यांनी. स्वतः ॲथलोनचे, बोहेमियन्सकडून आघाडीला खेळलेले, आयर्लंडच्या राष्ट्रीय संघातून खेळलेले. गावात परत येऊन त्यांनी प्रशिक्षकपद घेतलं. १९७९-८०मध्ये लीग कप आला, क्लबचा बऱ्याच वर्षांतला पहिला मोठा करंडक. पुढच्याच हंगामात डंडॉकला मागे टाकून पहिलं विजेतेपद. यूजीन डेव्हिस त्या हंगामात २३ गोलांसह लीगमधला सर्वाधिक गोल करणारा ठरला. १९८२-८३चं विजेतेपद तर एकतर्फीच म्हणावं असं. १९८१-८२ आणि १९८२-८३ असे आणखी दोन लीग कपही आले. चार हंगामांत दोन लीग आणि तीन लीग कप, तेही डब्लिनपासून सव्वाशे किलोमीटरवरच्या गावात.

१९८५मध्ये ओकॉनर डंडॉकला गेले आणि तिथेही १९८८ आणि १९९१ अशा दोन लीग जिंकल्या. म्हणजे कौशल्य त्यांचं होतं. ते गेल्यावर ॲथलोनची धार गेली ती परत आली नाही.

त्या विजेतेपदांनंतर युरोपमध्ये काय झालं?

१९८१च्या युरोपियन चषकात डेन्मार्कचा केबी कोपनहेगन. तिकडे १-१, घरी २-२. एकही सामना न हरता बाद, कारण परक्या मैदानावरचे गोल जास्त मोलाचे धरण्याचा तेव्हाचा नियम. १९८३मध्ये बेल्जियमचा स्टँडर्ड लिएज. घरी २-३ अशी झुंज, तिकडे २-८ असा चोप. युरोपची दारं तिथे बंद झाली.

मग घसरण का झाली?

एकच कारण शोधू नका. १९८५मध्ये लीगचे दोन भाग झाले: वर प्रीमियर डिव्हिजन, खाली फर्स्ट डिव्हिजन. नावात 'फर्स्ट' असलं तरी ही दुसरी पायरी, हे आयर्लंडमध्ये नव्याने लक्ष घालणाऱ्याला हमखास चकवतं. ऐंशीचं दशक सरायच्या आत ॲथलोन खाली उतरला. खाली उतरलं की गर्दी घटते, गर्दी घटली की चांगले खेळाडू डब्लिनला जातात, आणि ते गेले की वर येणं आणखी लांबतं. त्यात शनिवारी टीव्हीवर लिव्हरपूल आणि मँचेस्टर युनायटेड. आयरिश माणसाचं फुटबॉलप्रेम अफाट आहे, फक्त त्यातलं बरंचसं समुद्रापलीकडे जातं. पाचशे माणसं सेंट मेल्स पार्कवर आणि त्याच वेळी गावातल्या पबमध्ये त्याहून जास्त इंग्लिश सामन्याला, हे चित्र केवळ ॲथलोनचं नाही. अधूनमधून वर चढण्याची वेळ आली, २०१३मध्ये फर्स्ट डिव्हिजन जिंकली. पण २०१४ संपताना पुन्हा खाली.

सेंट मेल्स पार्क अजून आहे का?

क्लब तिथे खेळत नाही. २००७पासून सामने लिसीवुलन इथल्या ॲथलोन टाउन स्टेडियममध्ये होतात. क्षमता पाच हजारांच्या आसपास, सोयी चांगल्या. पण जुनं मैदान गावाच्या कुशीत होतं, नवं गावाच्या कडेला आहे. फरक पहिल्याच सामन्याला कळतो.

२०१७चं ते प्रकरण काय होतं?

सामनानिश्चितीचं, म्हणजे पैशासाठी निकाल आधीच ठरवण्याचं. एप्रिल २०१७मध्ये शेजारच्या लाँगफर्ड टाउनविरुद्धच्या सामन्यावर संशयास्पद सट्टा लागल्याचं युएफाने कळवलं. एफएआयने चौकशी केली आणि ॲथलोनच्या दोन खेळाडूंवर बारा महिन्यांची बंदी घातली. त्या हंगामात क्लबने बाहेरच्या गुंतवणूकदारांच्या भरवशावर परदेशी खेळाडूंचा ताफा आणला होता. पैशाची चणचण असलेल्या छोट्या क्लबला असे पाहुणे देवदूत वाटतात. क्लबच्या इतिहासातलं हे सर्वात वाईट पान. ते वगळून इतिहास सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

०-११ हा निकाल खरा आहे का?

खरा. नोव्हेंबर २०२०, एफएआय चषकाची उपांत्य फेरी, ॲथलोनचं घरचं मैदान, डंडॉककडून. करोनामुळे प्रेक्षक नव्हते, एवढीच काय ती मेहेरबानी. दुसरी बाजूही ऐकून घ्या: डंडॉक त्या आठवड्यांत युरोपा लीगमध्ये आर्सेनलशी खेळत होता, आणि दुसऱ्या पायरीवरचा ॲथलोन उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला होता.

कट्टर प्रतिस्पर्धी कोण?

लाँगफर्ड टाउन. जेमतेम चाळीस-पन्नास किलोमीटरचं अंतर. या सामन्याला 'मिडलँड्स डर्बी' म्हणतात.

आज क्लबची खरी ताकद कशात आहे?

महिला संघात. यात दुमत असण्याचं कारण नाही. २०२०मध्ये हा संघ राष्ट्रीय लीगमध्ये आला. २०२२मध्ये महिला एफएआय चषकाच्या अंतिम सामन्यात शेल्बर्नकडून हार. २०२३मध्ये पुन्हा अंतिम सामना, पुन्हा शेल्बर्न, आणि या वेळी पेनल्टींवर विजय. पेनल्टीशी या गावाचं नातं ठाऊक असलेल्यांना त्या संध्याकाळी काय वाटलं असेल याची कल्पना करा. २०२४मध्ये महिला लीगचं पहिलं विजेतेपद आणि त्यातून चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीचं दार. त्याच वर्षीच्या चषकाच्या अंतिम सामन्यात शेल्बर्नने ६-१ असं उट्टं काढलं, तेही नोंदवलं पाहिजे.

पुरुष संघाने शेवटची लीग जिंकली १९८३मध्ये. क्लबच्या इतिहासाची पुस्तकं अजून मिलानने सुरू होत असतील, तर गावातल्या आजच्या मुलींना ते आजोबांचं प्रकरण वाटत असणार.

भारतातून, किंवा आयर्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला, सामना पाहायचा असेल तर?

डब्लिनच्या ह्यूस्टन स्थानकावरून गॉलवेकडे जाणारी गाडी पकडा, दीड तासाच्या आसपास ॲथलोन. गावात टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी ऑफ द शॅननचं आवार आहे आणि तिथे भारतीय विद्यार्थी बरेच असतात, त्यामुळे मराठी कानावर पडली तर दचकू नका.

२००३पासून लीग उन्हाळी झाली आहे. हंगाम फेब्रुवारीच्या सुमारास सुरू होऊन शरदात संपतो, म्हणजे डिसेंबरात नाताळच्या सुट्टीत गेलात तर मैदान रिकामं दिसेल. लीगचे पुरुषांचे सामने बहुधा शुक्रवारी संध्याकाळी, महिलांचे बहुधा शनिवारी. तिकिटासाठी आधीपासून धडपडायची गरज सहसा पडत नाही, दारावर मिळतं. उन्हाळी हंगाम या शब्दावर विसंबून नुसत्या टी-शर्टवर मात्र जाऊ नका. मे महिन्यातही सामना संपेपर्यंत दात वाजतात.

दिवस हाताशी असेल तर सामन्याआधी किल्ला आणि पूल पाहून घ्या. किल्ल्याला लागूनच शॉन्स बार आहे. तो इसवी सन ९००पासूनचा असल्याचा दावा आहे आणि देशातला सर्वात जुना पब म्हणून तो मिरवतो. तिथे मिलानचा विषय काढलात तर गप्पा रंगतीलच. पण एकदा १९२४बद्दल विचारून पाहा, किती जणांना हॅननचं नाव आठवतं ते कळेल.